पप्पांचा विसरलेला चष्मा

मी विरारचं कॉलेज का घेतलं, हा किस्सा पूर्वी मी हसत हसत सांगायचे. फायनान्सची डिग्री करायची तर मुंबईतल्या त्या नावाजलेल्या कॉलेजातच, असं माझं पक्कं होतं. पण बारावीचा निकाल लागला त्याच महिन्यात पप्पांची कंपनी बंद पडली. मुंबईची फी मला माहीत होती. म्हणून यादीत नाव आलं, तरी घरी सांगितलं, "नाही लागलं."

पप्पा म्हणाले, "असं कसं? मी स्वतः बघून येतो."

दिवसभर माझा जीव टांगणीला. संध्याकाळी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "खरंच नाही गं तुझं नाव. विरारचंच घे. दुपारी घरी जेवायला तरी येशील."

त्यांचा चष्मा सकाळपासून टीव्हीवरच पडलेला. मला वाटलं, चला, चष्मा विसरले म्हणून वाचले मी!

पप्पा जाऊन आता महिना झाला. काल त्यांच्या जुन्या फोनमधले फोटो काढून घेत होते, तर त्यात ती यादी निघाली. चष्मा नव्हता, म्हणून मोठी करून वाचायला फोटो काढला असणार.

त्याच्या पुढचा फोटो नुसत्या माझ्या नावाचा होता.