पाटावरचा स्क्रूड्रायव्हर

तुम्हीच सांगा, पूजेत लॅपटॉप चालतो तर स्क्रूड्रायव्हर का नाही? खंडेनवमीला इथे परदेशात, आमच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये बाबा बँकेचा लॅपटॉप पाटावर पुजतात. यंदा मी शेजारी माझा स्क्रूड्रायव्हर ठेवला. सुट्टीत गावी जाऊन आजोबांची गंजलेली, स्वस्तातली बंदूक मी त्यानेच खोलून नीट केली होती.

"अभ्यास सोडून भंगार घासतोस, वर त्याची पूजा?" बाबांनी तो उचलून माझ्या हातात कोंबला. पोराचं कौतुक करायचं म्हणजे या माणसाची दाढ दुखते.

तेवढ्यात गावाहून काकाचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, बघ! पोरानं नवी करून दिली." झेंडूच्या माळेखाली बंदूक लखलखत होती.

बाबांनी थेट फोनवरच कुंकू लावलं. नेमका काका मध्ये आला. टिळा त्याच्या नाकावर.

"बाजूला हो रे, बंदूक दाखव!" बाबा ओरडले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लॅपटॉप सरकव. तो स्क्रूड्रायव्हर ठेव."