दिगूअण्णांचा भोजनसप्ताह

देवाचं नाव घेऊन झालं, टाळ आता खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही जरा दम घ्या. मागं प्रसादाच्या भाजीला फोडणी बसलीय, वास माझ्याही नाकात शिरलाय, तेव्हा आख्यान लांबवत नाही. पण मंडळी, आधी एक प्रश्न. पाहुणा दारी आला, तर त्याला काय वाढावं?

सोपा वाटला ना? तिसऱ्या रांगेतल्या काकूंनी मनातल्या मनात चक्का टांगलासुद्धा! थांबा काकू, इतकं सोपं असतं तर मी चक्क्याचंच कीर्तन केलं असतं. ऐका.

मुंबईत कांजूरमार्गला दिगंबर शेडगे नावाचे गृहस्थ राहतात. सगळे त्यांना दिगूअण्णा म्हणतात. औषधाच्या कारखान्यात सुपरवायझर होते, आता निवृत्त. निवृत्त माणसाचं काय असतं — कामं संपतात, पण हुकूम सोडायची सवय संपत नाही. कारखाना सुटला, मग हुकूम कुणाला? बायकोला! बायको उज्ज्वलाबाई. त्या ऐकून घेत आणि आपल्याला हवं तेच करत. हसू नका, तुमच्या घरी वेगळं नाही.

अण्णांचं मूळ गाव कोरेगावकडचं. आई लहानपणीच गेली. थोरल्या भावाचं लग्न झालं, सगुणावहिनी घरात आल्या, आणि त्यांनी या दिराला आईसारखं वाढवलं. भाकरी आधी त्याच्या ताटात, मग स्वतःच्या. आता दोघांचंही वय झालं. त्यात गेल्या माघात थोरले भाऊ वारले. मूलबाळ नाही. वहिनी गावी एकट्या.

अण्णांच्या जिवाला घोर लागला. जाऊन म्हणाले, "वहिनी, आता इथं राहू नका. कायमच्या आमच्याकडं चला."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, आठ दिस ऱ्हाऊन बघते. करमलं तर ऱ्हाते, न्हाई तर मला आपलं गाव हाय."

झालं! आठ दिवसांत वहिनींना मुंबई आवडली पाहिजे. आता मुंबई आवडायला काय दाखवाल? समुद्र? तो काय, खारट पाणी. अण्णांनी डोकं चालवलं. म्हणाले, या शहरात अख्खा देश जेवायला बसतो. रोज दुपारी एका मुलखाचं जेवण घालायचं. जिभेला चटक लागली की वहिनी गावाचं नाव काढणार नाहीत! गावात हरिनामाचा सप्ताह होतो, अण्णांनी मांडला भोजनाचा सप्ताह.

वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ. म्हणजे पारशी धानशाक बाद, गोव्याचं हुमण बाद, बोहऱ्यांची बिर्याणी बाद. अण्णांना थोडं वाईट वाटलं — वहिनींसाठी नव्हे, स्वतःसाठी! पण शाकाहारातही देश मोठा आहे. सोमवारी माटुंग्याला केळीच्या पानावरचं. मंगळवारी काळबादेवीला गुजराती थाळी. बुधवारी चेंबूरला सिंधी कढी. पुढे चिनी, बंगाली, पंजाबी, आणि रविवारी कळस — तुपात बुडवलेली मारवाडी दाल-बाटी.

उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "अहो, एक दिवस तरी घरी पिठलं-भाकरी करू द्या. जाऊबाई काय म्हणतील, हिच्या घरी गॅस पेटत नाही?"

"अगं, पिठलं खायला कोणी मुंबईला येतं का?"

मंडळी, हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलंय. शब्द वेगळे असतील.

सोमवार उजाडला. माटुंग्याला पान मांडलं, भात आला, सार आलं, चार तऱ्हेच्या भाज्या आल्या. अण्णांची टकळी सुरू. "वहिनी, हे असं कालवायचं. हा पापड मधेच मोडायचा. कसं आहे?" वहिनी गप्प. खाली मान घालून जेवतायत. "तिखट आहे का?" गप्प. "अळणी आहे का?" गप्प. वाढपी बिचारा अण्णांना हळूच विचारतो, "माताजींना बोलता येत नाही का?"

वहिनींनी पान स्वच्छ केलं, हात धुतला आणि हसून म्हणाल्या, "भावजी, आज तुमचं दादा असतं तर—"

"एक मिनिट हं वहिनी, उद्याचं टेबल सांगून ठेवतो. गर्दी असते." आणि अण्णा फोन कानाला लावून रस्त्यावर! मनात म्हणतायत, जेवताना एक शब्द नाही, म्हणजे रुचलं नाही. उद्या याहून भारी पाहिजे.

मंगळवार, गुजराती थाळी. तिथले वाढपी म्हणजे आग्रहाचे महामेरू. वहिनींनी ताटावर हात आडवा धरला. आता मला सांगा, आपल्याकडे ताटावर हात धरला याचा अर्थ काय? "नको" असा? छे! आपल्याकडे पहिलं "नको" म्हणजे "वाढा", दुसरं "नको" म्हणजे "थोडं वाढा", आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर लोक विचारतात, रागावलात का? अण्णा म्हणाले, "वाढा हो, आमच्या वहिनी भिडस्त आहेत." वाढप्याने बोटांच्या फटीतून पुरणपोळी सरकवली. वहिनी माळकरी, अन्न टाकणार नाहीत. मुकाट्याने संपवली. अण्णा खूश — मागं ठेवलं नाही म्हणजे आवडलं असेल. पण मग बोलत का नाहीत?

बुधवारी तेच. आणि गुरुवारी तर कहर झाला. अण्णा चिनी हॉटेलात टेबल सांगून तयार, नवा शर्ट घालून उभे. उज्ज्वलाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर. "अहो, आज एकादशी."

बघा! माणसानं सात दिवसांचं नियोजन केलं, साऱ्या देशाची जेवणं धुंडाळली, आणि घरातलं कॅलेंडर बघितलं नाही. माळकरी बाईला एकादशीला नूडल्स घालायला निघाले होते! शेवटी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. कुठं? तीही हॉटेलात!

तुम्ही विचाराल, बुवा, हे लोक सकाळ-संध्याकाळ घरी बोलत नव्हते का? अहो, कधी बोलणार! सकाळी अण्णांचा हुकूम, फक्त चहा, दुपारसाठी पोट रिकामं ठेवा. दुपारी जेवण. जेवून उठलं की अण्णा उद्याच्या फोनवर. रात्री तिघांचीही पोटं तट्ट, ज्याच्या त्याच्या अंथरुणात जो तो. दोनदा वहिनींनी "तुमचं दादा" म्हणून तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा अण्णांनी विषय वळवला. वहिनी रडतील, सप्ताहाचा रंग जाईल, म्हणून. प्रेम होतं हो, खोटं नव्हतं. पण प्रेमाला वेळ नव्हता.

शनिवारी पंजाबी छोले-भटुरे झाले, आणि रविवारी, कळसाच्या दिवशी, अण्णांचं पोट बिघडलं. असं बिघडलं की अण्णांनी न्हाणीघरात बस्तान मांडलं. दाल-बाटी गेली, तूप गेलं. आठवा दिवस उद्यावर आला, वहिनींनी पिशवी भरायला घेतली होती. अण्णा पलंगावर पडून आढ्याकडे बघत होते. हरलो म्हणाले. आईसारखी बाई, तिला आपण ठेवून घेऊ शकलो नाही.

तेवढ्यात वहिनींनी पदर खोचला. "उज्ज्वला, तांदूळ कुठं हायत गं?" गुरगुट्या भात केला, वर मेतकूट, तुपाची धार अगदी बेताची. अण्णांना जमिनीवर पाट मांडून बसवलं, शेजारी उज्ज्वलाबाईंना. आणि वाढता वाढता काय झालं? वहिनी बोलायला लागल्या! म्हशीचं सांगितलं, बांधावरच्या आंब्याचं सांगितलं, शेजारणीची सून कशी माहेरी गेली आणि सासूच तिला आणायला कशी गेली, सगळं सांगितलं. अण्णांचा घास हातात तसाच.

"वहिनी, इतके दिवस जेवताना एक शब्द नाही. मला वाटलं, तुम्हाला काहीच रुचलं नाही."

"आवं, समदं रुचलं. ते क्येळीच्या पानावरचं सार तर लई ग्वाड लागलं. पर चातुर्मास हाय न्हवं? जेवताना बोलायचं न्हाई, आसा नेम धरलाय मी. नेम काय सांगत फिरायचा आसतो व्हय?"

"पण असला अवघड नेम का धरलात?"

वहिनी पळी हातात तशीच धरून म्हणाल्या, "तुमचं दादा गेल्यापासनं मी येकलीच जेवते. ताटावर बसलं की सवयीनं बोलायची त्यांच्याशी. मग समोर बघायची, तर कुनी न्हाई. घास उतरायचा न्हाई. म्हनून म्हनलं, नेमच धरू. बोलायला कुनी न्हाई म्हनून न्हवं, नेम हाय म्हनून गप हाय, आसं मनाला सांगता येतंय."

मंडळी, बघा. गप्प बसण्याचं दुःख झाकायला जिनं व्रत केलं, तिच्यापुढं आपण देशभरची पक्वान्नं मांडली. एवढंच करायचं राहिलं की तिला विचारावं, वहिनी, घरी कशा जेवता?

उज्ज्वलाबाई उठल्या. जावेच्या हातातली पळी काढून घेतली, तिला पाटावर बसवलं, भात वाढला. वहिनींनी हात जोडले, पहिला घास घेतला आणि नेमाप्रमाणे गप्प झाल्या. आणि अण्णा, पोट धरून बसलेले अण्णा, बोलायला लागले. हॉटेलाचं नाही, भावाचं! दादा कुणाच्या तरी लग्नात पैजेवर जिलब्या खायला बसले, पैज जिंकले, आणि मग त्यांना उठता येईना म्हणून पाटासकट उचलून कसं बाजूला ठेवलं, ते सांगितलं. वहिनी तोंडात घास असताना हसल्या. आवाज नाही, खांदे हलतायत. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि जेवतायत. पोटभर जेवल्या.

हात धुऊन आल्या, पदराला पुसले, आणि म्हणाल्या, "भावजी, कार्तिकात नेम सोडायचा तर पंगतीला मानसं लागत्यात. तिकडं कुनाला बोलवू? तवर ऱ्हाते हितंच. फुडचं फुडं बघू. पर त्ये उद्याचं टेबल का काय, त्ये आता पुरं."

तर मंडळी, पाहुण्याला काय वाढावं, हे मी आता तुम्हाला सांगायला नको. चक्का टांगा, जरूर टांगा, माझा विरोध नाही! पण आता तुम्ही उठाल, पंगतीला बसाल, आणि जाताना डब्यात प्रसाद भरून घ्याल. आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत, दार लावून एकटं जेवणारं कुणीतरी आहे. कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, या क्षणी चेहराही समोर आलाय तुमच्या. त्यांच्याकडे तो डबा नेणार असाल तर माझी एवढी विनंती आहे. दारातून डबा देऊन परत फिरू नका. आत जा, समोर बसा, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उठू नका.