अंगठा नका देऊ, बाई

नाई नाई, थांबा — अंगठा नका देऊ, बाई. तो कागदवाला गेला ना चहा आनाले? जाऊ द्या. चहा प्या त्याचा, बिस्किट बी खा, पन त्या कागदावर अंगठा नका देऊ. मी कोन? मी श्रीहरी, अहेरीचा. दवाखान्याचा मानूस नाई, पेशंटच हावो — होतो. तुमच्या मालकाले कुठी ठोकलं म्हनता? आलापल्लीच्या अलीकडं, सायकलवर. नाव काय त्यायचं? कोलू. अन् ठोकलं कोनं — डिलिव्हरीच्या ट्रकनं, पार्सलवाल्या. मंग तर आपन सोयरेच झालो. मले बी पार्सलच्याच ट्रकनं ठोकलं, त्याच रोडवर, अन् असाच एक इस्त्रीच्या शर्टवाला मानूस कागद घेऊन माह्या खाटेपाशी आला होता. समझोता करून टाका म्हने, कोर्टात चपला झिजतीन म्हने. अन् मी त्याले काय म्हनलं माहीत हाये? पेन चांगला हाये का म्हनलं — सही झकास आली पाहिजे.

हसा, हसा. काऊन असं म्हनलं विचारा. त्यानं येतानीच म्हनलं होतं, "तुमचं काम पाह्यलं मी वडसाले, कोर्टाच्या सीनमंदी. अंगावर काटा आला." झालं. तंगडं वर टांगलेलं, पोटात अन्न नाई, पन हा श्रीहरी फुगला. मी झाडीपट्टीतला नाटकवाला ना, बाई. दिवाळी झाली का होळीपर्यंत गावोगाव नाटकं. मी वकील व्हतो त्याच्यात. दरवर्षी नाटक नवीन, पन वकील मीच — आवाज मोठा अन् अक्कल बेताची, दुसरं काम कोनी देल्लंच नाई. तर कोनी पाह्यलं म्हनलं का मी त्याले किडनी बी देईन. माही बायको चंदा तिथीच बसली होती, मोसंबी सोलत. तिनं माह्या हातातला पेन घेतला अन् त्या मानसाले म्हने, "सायब, ह्ये आता गोळीच्या गुंगीत हायेत. यायले आपलं नाव बी धड लिहिता येनार नाई. तुमी जा." मी गुंगीत नव्हतो. मी खुशीत होतो.

तर ठोकलं कसं ते ऐका. मुलचेऱ्याकडं नाटक झालं, सकाळी मी गाडीवर घरी निघालो. थंडी अशी का बोटं वळेना. म्हनून पेटीतला कोट घातला — वकिलाचा, काळा. मिशी बी काढली नव्हती, गोंदाची मिशी, थोंडाले तेवढंच गरम. आलापल्ली सोडली, सागवनातलं ते वळन हाये ना — तिथी तो ट्रक माह्या बाजूनं आला. माह्या बाजूनं, बाई. मी आपला डाव्या अंगानं चाललो, अन् समोर ट्रकचं थोंड. मंग काई आठवत नाई. डोळे उघडले तं मी नालीत अन् गाडी माह्यावर, अन् लोकं जमा. त्यायनं कोट पाह्यला. "वकिलाले ठोकलं रे, वकिलाले ठोकलं." तो ड्रायव्हर — अजय, पोरगाच म्हना — तो उडी मारून खाली आला. पळाला नाई पन. मले उचलून अहेरीच्या दवाखान्यात त्यानंच नेलं. अन् मी काय करावं? मी म्हनाव का नाई, बाबा मी वकील नाई, नाटकवाला हावो? मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याचा भुगा झाला, अन् मी त्या कोटाची लाज राखून राह्यलो होतो. नर्सनं थोंड पुसलं तं अर्धी मिशी तिच्या कापसाले चिकटली. ती घाबरली — तिले वाटलं ओठच निघाला.

आता मजा ऐका. त्या ट्रकमंदी माहंच पार्सल होतं. नवीन विग मागवला होता मी, टक्कल झाकाले. अजयनं माह्या गाडीच्या थैलीतल्या कागदावर नाव पाह्यलं, पत्ता पाह्यला, तेच पार्सलवर होतं, अन् तो विगचा डबा घेऊन माह्या घरी गेला — चंदाले सांगाले का तुमच्या घरच्यायले मी ठोकलं. चंदानं डबा घेतला, चप्पल घातली, अन् त्याच ट्रकमंदी बसून दवाखान्यात आली. मी भरती झालो अन् पार्सल टायमावर पोचलं.

पोलिसवाला जबाब घ्याले आला. इथी नीट ऐका बाई, हे तुमच्या कामाचं हाये. सांगायचं काय होतं? ट्रक कोन्या बाजूनं आला, मी कोन्या बाजूनं होतो, ड्रायव्हरच्या हातात फोन होता का नाई. झालं. अन् मी सुरू केलं — न्यायदेवतेच्या डोळ्यावर पट्टी, काळ्या डांबरावर लाल रक्त — अख्खा सीन म्हनून दाखवला, तंगडं मोडलेलं असतानी. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. पोलिसवाल्यानं त्यातलं लिहिलं किती? समोरून ट्रक आला व जखमी झालो. अन् धंदा काय, त्यानं विचारलंच नाई. खुटीवर कोट लटकला होता, त्यानं लिहिलं, वकिली. मी वाचून पाह्यलं, अन् गप बसलो. आवडलं मले ते. खोटं काऊन बोलू?

तुमी तसं नका करू. कोलूभाऊ शुद्धीवर हायेत ना? मंग त्यायलेच सांगू द्या पोलिसाले, ट्रक कोनच्या बाजूनं आला. जे लिहिलं ते वाचून घ्या — वाचता येत नसंन तं कोनाकडून वाचून घ्या, माह्याकडून नका, मी त्यात भर घालीन. सायकल हाये तशी ठेवा, दुरुस्त नका करू. दवाखान्याचा एकेक कागद, औषधाची चिठ्ठी बी फेकू नका. अन् इथी गडचिरोलीच्या कोर्टात विधी सेवाचं ऑफिस हाये, बायकायले वकील फुकट भेटते. दावा सहा महिन्याच्या आत टाका म्हनते, तं दसरा-दिवाळी पाहू नका. ड्रायव्हरवर, ट्रकच्या मालकावर अन् विमा कंपनीवर, तिघांवर. अंगठा देल्ला का मंग ते म्हनतीन, बाईनं तं मिटवलं होतं. हे सगळं मले ज्योत्स्नाबाईनं सांगितलं. खऱ्या वकील हायेत त्या. त्यायनं माहा जबाब वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मंग म्हने, "भाऊ, यानं तर तुमी आपलीच केस पाडली." पुरवनी जबाब द्याले लावला मले, पोलिस ठान्यात, कुबड्या घेऊन. जातानी दम देल्ला का एक बी डायलॉग नाई पाहिजे.

अजयचं काय झालं? त्यानं खरं सांगितलं. हातात फोन होता म्हने, पुढच्या घराचा पत्ता पाहत होतो. मालकानं त्याले काढून टाकलं. कोर्टात बी आला तो, बोलावल्यावर, अन् तेच बोलला. त्याच्यावर राग होता माहा, चांगला दांडगा राग. पन त्यानं माह्याकडं पाहून सांगितलं ना, मंग राग ठेवाव तं ठेवाव कुठी?

अन् माही उलटतपासनी — हा. त्या दिवसाची मी किती तयारी केली. आरशापुढं, बाई. जन्मभर दुसऱ्याची उलटतपासनी घेतली स्टेजवर, आता पिंजऱ्यात मी. विमावाल्यायचा वकील उभा झाला — बारीक मानूस, आवाज बी बारीक, आमच्याकडं त्याले शिपायाचं बी काम भेटलं नसतं. म्हने, "तुमी वकील हाय का?" नाई म्हनलं. "मंग पोलिसाच्या कागदावर वकिली काऊन?" म्हनलं, "सायब, मी वकिलाचं काम करतो. नाटकात." सगळं कोर्ट हसलं. जजसायबानं बी मान खाली घातली. मले बरं वाटलं, लाफ्टर भेटला. अन् मंग त्या बारीक मानसानं विचारलं, "नाटकातलं काम हाये ना? मंग आता खुर्चीवर बसून करा. वकील बसून बी बोलू शकतो. मंग कमाई बुडाली कशी?"

अन् मले उत्तर आलं नाई.

मले, बाई. समोर लोकं बसले हायेत अन् मले बोलता येऊन नाई राह्यलं. आमच्या सीनमंदी वकील कसा — साक्षीदाराच्या पिंजऱ्याभोवती गरगर फिरते, एक चक्कर, दोन चक्कर, मागून येऊन एकदम कानाशी विचारते. त्यासाठी लोकं ब्लँकेट घेऊन येऊन बसते. ते त्याले सांगाव कसं? मंग ज्योत्स्नाबाई उठल्या. म्हने, "श्रीहरीभाऊ, इथून दारापर्यंत जा अन् परत या." बस. मी गेलो अन् आलो. हा पाय आखूड झाला ना, वाकत नाई, असा फेकून टाकावा लागते. कोनी हसलं नाई. एवढं लहान काम मी कधी केलं नव्हतं, एक बी वाक्य नाई. अन् त्याच कामावर दावा मंजूर झाला.

हो, झाला मंजूर. मांगच्याच वर्षी. नाई, आता तारीख नाई काई. नाटकातलं वकिलाचं काम आता आमच्यातला सुरज करते. चांगलं करते. मी पाहाले गेलो नाई, लोकं सांगते. मले म्हनले, पडद्यामांगं बसून आठवन द्या नटायले. म्हनलं पाहू, सध्या पायाचा व्यायाम चालू हाये गडचिरोलीले, दर हप्त्याले जाव लागते.

व्यायाम? तो — तो बंद झाला. डॉक्टर म्हने, व्हायचं तेवढं झालं, आता येऊ नका. कधीच सांगितलं त्यायनं. आता असं पाहू नका माह्याकडं, बाई. इथी या बाकावर कोनी ना कोनी येऊन बसते. घाबरलेलं असते. मी विचारतो, कोनं ठोकलं? मंग बोलनं सुरू होते. घरी कोनाले सांगू, चंदाले? तिले सारं पाठ हाये. तिले वाटते मी व्यायामाले येतो. वाटते कसलं — आज सकाळी डबा देतानी म्हने, "चटनी जास्त घातली. ज्या कोनाले आज धराल, त्यायले बी द्या." मी डबा घेतला अन् निघालो, एस्टी सुटून राह्यली होती.

हे घ्या. भाकर अन् जवसाची चटनी. घ्या हो, कालपासून जेवल्या नाई तुमी, दिसून राह्यलं. आत जा, कोलूभाऊले बी एक घास द्या. जा म्हनतो ना. तो जिना चढून राह्यला, चपलीचा आवाज येते. तुमी जा, पडदा लावून घ्या.

या भाऊ. बाई आत गेल्या, मालकापाशी. नाई, आता नाई येनार. बसा ना. तो कागद राहू द्या खिशात, अन् तो चहा द्या इकडं, थंडा होऊन राह्यला.