पाय लागल्याबाबत

दि. १८ नोव्हेंबर १९९६

मी इंद्रभान रखमाजी खटके, वय बावीस, शिक्षण चौथी, धंदा हॉटेलात वाढपी, सध्या रिकामा, राहणार शहागड, ता. अंबड, जि. जालना. निरोप आल्यावरून ठाण्यात आलो असून जमादार बद्रीनाथ साहेब विचारतात तसे समक्ष सांगतो ते असे.

वरील पत्त्यावर मी राहतो असे लिहिले आहे, पण कमी राहतो. आधी वडिलांमागे मेंढरं, मंग हायवेवर ट्रकचा क्लीनर, मंग पुण्यात हॉटेल, तिथून एजंटामार्फत परदेशात, मेरावा बेटावर, तिथेही हॉटेलातच. एका जागी माझा जीव लागत न्हाई. मागल्या वर्षी चुलतभाऊ भुजंग आबाराव खटके हाही तिकडे आला. त्यास कोणी नेले असे विचारता, मी नेले. तो यायला तयार नव्हता.

आमच्या हॉटेलात सहा देशांच्या प्रमुखांची बैठक होती. दुपारच्या जेवणाला हत्यारबंद माणसे हॉलमध्ये शिरली व दारे लावून घेतली. त्यांचे साथीदार तुरुंगात होते, ते सोडा, न्हाई तर एकेक पुढारी मारतो, असे त्यांचे म्हणणे. हे मला मागाहून कळले. तेव्हा फक्त बंदुका कळल्या. प्रमुखांचे अंगरक्षक दारातच पडले. बाकी नोकरांना बाहेर हाकलले. खाणेपिणे द्यायला आम्हा दोघांना ठेवून घेतले, कारण आम्ही दाराजवळ होतो.

सहाही प्रमुखांना भिंतीला पाठ लावून गालिच्यावर बसवले होते. आम्ही पंगतीसारखे ओळीने वाढत गेलो. एका बंदूकवाल्यापाशी मी ताट धरून थांबलो. भुजंग म्हणाला, “इंद्या, म्होरं हो. बंदूकवाल्याला लापशी न्हाई पाह्यजे, त्याला दुसरंच कायतरी पाह्यजे.” भुजंग असाच बोलतो. भ्याला म्हंजे जास्तच बोलतो.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांच्या एका माणसाला कॅमेरा घेऊन आत येऊ दिले. पुढारी जित्ते आहेत हे दाखवायला. त्याच टायमाला ओळीतला म्हातारा राष्ट्राध्यक्ष बसल्या जागी कलंडला. भुजंग पाण्याचा जग घेऊन पळाला. बंदूकवाल्यांचा म्होरक्या खांबाला टेकून पाय पसरून बसला होता. भुजंगचा पाय त्याच्या बुटाला लागला. भुजंगने वाकून बुटाला हात लावला व हात कपाळाला लावून पुढे गेला. म्होरक्या हसला व त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढा फोटो जगभर गेला.

जमादार साहेबांनी विचारले, “बंदूकवाल्याच्या पाया कशाला पडला तो?”

मी सांगितले, “पडला न्हाई साहेब. पाय लागला. तुमचा लागला तर तुम्ही काय करता?”

साहेबांनी ते लिहून घेतले.

त्यानंतर भुजंगवर कोणी बंदूक धरली न्हाई, हे खरे आहे. तो खुशाल फिरत होता, हेही खरे आहे. त्याने म्हाताऱ्याला पाणी पाजले. मी जागचा हललो न्हाई.

पुढे तिथल्या फौजेने छत फोडून हल्ला केला. सगळे बंदूकवाले मेले. पुढारी सहाही वाचले. पाय लागला का पाया पडला, हे सांगायला त्यांच्यातला कोणी राहिला न्हाई. फोटोवरून भुजंगला साथीदार म्हणून धरले. त्या देशात साथीदाराला फाशी आहे, असे तिथला दुभाषी बोलला. मी त्याला पाय लागल्याचे सांगितले. तो हिंदी बोलणारा, कोट घातलेला माणूस होता. तो म्हणाला, “पैर तो गुरु के छूते हैं.” आणि तसेच तिथल्या अधिकाऱ्यांना सांगितले. मला विमानात बसवून दिले. त्याआधी भुजंग कोठडीच्या खिडकीच्या जाळीतून म्हणाला, “मायला सांग, कामाला हाय.”

मी तसे सांगितले न्हाई. माझी चुलती आसराबाई, म्हंजे भुजंगची माय, आज ठाण्याच्या ओट्यावर बसून आहे. आत येऊ का असे तिने दोनदा विचारले.

भुजंगने असे आणखी कोणाला केले काय, असे विचारता सांगतो की, होय. पहिल्याच दिवशी वाढताना त्याचा पाय त्याच म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या गुडघ्याला लागला होता. भुजंग तिथेही वाकला. म्हाताऱ्याला वाटले आता मारतो, म्हणून त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. भुजंगने गुडघ्याला हात लावून कपाळाला लावला. म्हातारा बघत राहिला. मंग त्याला समजले. त्यानंतर भुजंग वाढायला आला की तो आपले पाय आखडून घ्यायचा, आमच्याकडची म्हातारी माणसे घेतात तसे. तेव्हा कॅमेरा नव्हता. मला पेपरातला फोटो दाखवण्यात आला. त्यात भिंतीला बसलेला, डावीकडून दुसरा म्हातारा तो हाच.

जमादार साहेब म्हणाले, “राष्ट्राध्यक्षाला काय अंबडला बोलावू का मी?”

मी म्हणालो, “बोलावू नका. नुसतं इचारा. हा कागद पार मेरावाच्या सरकारपर्यंत जातो म्हणता, तर त्याच्यापर्यंत बी जाऊ द्या. त्याला म्हणा, वाढप्याचा पाय लागल्ता तव्हा त्यानं काय केलं? त्याला याद असंल.”

साक्षीला परत मेरावास जाण्याची तयारी आहे काय, असे विचारता, आहे. तिथे मलाही धरतील हे साहेबांनी समजावून सांगितले. मला ते समजले.

हा जबाब जमादार साहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी ऐकला. एका जागी ‘भुजंग याने नमस्कार केला’ असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून ‘पाय लागला म्हणून हात लावला’ असे केले. दुसरी खाडाखोड न्हाई. आता माझ्या सांगण्याबरहुकूम बराबर आहे.

सही / इंद्रभान रखमाजी खटके