अंतरपाटापुढचे दोन कॅमेरे

मंडळी, ऐका! अहो मृदंगमणी, हात जरा थोपवा. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. एखादी गोष्ट समोर घडली, आपले डोळे उघडे होते, तोंडही तिकडंच होतं — म्हणजे आपण ती पाहिली, असं म्हणायचं का? हां हां, माना नका डोलवू इतक्यात! आधी गोष्ट ऐका, मग डोलवा.

आमच्या भागात एक फोटोग्राफर आहे, निवृत्ती लोखंडे. पंचवीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. भला माणूस! दोष एकच — जीव फार घाबरा. लग्न दुसऱ्याच्या घरी, आणि झोप उडते ह्याची! त्याचा जुना कॅमेरा हाताला सरावलेला, पण फोकस धरायला आळशी. आपण नेम धरायचा, बटण अर्धं दाबायचं, तो घुर्र घुर्र करणार, मग फोटो. तोवर नवरा अर्धं जेवण उरकतो! म्हणून निवृत्तीनं नवा आणला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हा स्वतःच माणसाचा डोळा शोधतो आणि धरून ठेवतो. तुम्ही नुसतं बटण दाबा." वा! असा एखादा टाळकरी मला मिळता तर!

पण घाबऱ्या माणसाचा विश्वास बसतो होय? घरी परीक्षा सुरू! कोंबडी पळाली — जुन्यानं वीस फोटो, नव्यानं वीस. बायको शालन धुणं वाळत घालतेय — पुन्हा वीस, वीस. मग फोटो मोठे करून पापणी न् पापणी तपासायची! विसांत जुन्याचे बारा नीट आले, नव्याचे एकोणीस. शालन म्हणाली, "अहो, चाळीस वेळा माझं तोंड टिपलंत. आमटीत मीठ कमी पडलं तर बोलता, तेवढंसुद्धा बोलला नाहीत!" तर हा म्हणतो कसा, "थांब गं, पापणी बघतोय." हसताय? हसा. तुमच्या घरी काय वेगळं चाललंय?

पुढच्याच सोमवारी लग्न आलं. लीलाबाईंची एकुलती एक लेक, कावेरी. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे — अक्षता पडताना नवरीच्या आईनं बघायचं नाही! सगळा गाव मांडवात, आणि जिनं जन्म दिला ती मागच्या दारी तुळशीला पाणी घालत बसायची. जाता जाता लीलाबाईंनी निवृत्तीला गाठलं. "भाऊ, अंतरपाट दूर झाला की माझी पोर कशी दिसते, तेवढं एक मला दाखवा. बाकीचे फोटो नाही आले तरी चालतील. माझे डोळे तुमच्यावर सोपवून चाललेय."

झालं! निवृत्ती पडला पेचात! गळ्यात दोन कॅमेरे. कुठला घ्यावा? मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्याला हातात जुना. दुसऱ्याला वाटलं, नको, नवा. तिसऱ्याला पुन्हा जुना! "बारा की एकोणीस? एकोणीस! नवाच!" — आणि नवा डोळ्याला लावला. भटजींनी शेवटचा सूर लांबवला... साऽऽवधाऽऽन! वाजंत्री कडाडली, अंतरपाट ओढला, अक्षतांचा पाऊस — आणि ह्यानं बटण दाबून धरलं!

मग फोटो बघतो तर काय! पहिल्यात अंतरपाटाचं सूत न् सूत स्पष्ट. दुसऱ्यात हवेतल्या अक्षता, मोजून घ्याव्यात अशा! आणि पुढच्या सगळ्यांत, नवरीच्या मागं उभा असलेला मामा. मिशीचा केस न् केस! कावेरीची मान खाली, मुंडावळ्या डोळ्यांवर; कॅमेऱ्याला तिचा डोळा सापडलाच नाही, त्यानं मामाचा धरला. नवरी नुसतं धुकं! अहो, घरी परीक्षा घेतली खरी, पण शालनला मुंडावळ्या कुठं बांधल्या होत्या? कोंबडीवर अक्षता कुणी टाकल्या होत्या? आता पुन्हा उभं करावं दोघांना? अंतरपाट दोनदा धरतात का कुठं!

तेवढ्यात लीलाबाई आल्याच. हात ओले तसेच. "दाखवा हो भाऊ, दाखवा!"

त्यानं कॅमेरा पुढं केला. बाईंनी बघितलं. ओरडेल, रडेल, चार शिव्या देईल, असं ह्याला वाटलं. तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "असू दे. यंत्रच ते, चुकायचंच. पण तुम्ही तर समोर उभे होतात ना? मग तुम्हीच सांगा. कशी दिसत होती माझी पोर? हसली का? का डोळ्यांत पाणी होतं?"

आता बघा मंडळी! नवरा सोडला तर अख्ख्या मांडवात कावेरीच्या तोंडासमोर सगळ्यात जवळ हाच. चार हातांवर! पण हा बघत होता यंत्राला डोळा सापडतोय की नाही ते. पोर हसली की रडली, ह्याला ठाऊक नाही.

"सांगा ना, भाऊ."

"ताई... मी पाहिलंच नाही."

काय वाटलं असेल हो त्या माउलीला! आणि त्याला? मेल्याहून मेल्यासारखं.

आता निवृत्तीला नावं ठेवू नका. डोळे मिटा. मिटा म्हणतो ना! आज घरातून निघालात, तेव्हा मागं दार कुणी लावून घेतलं? तिचा चेहरा आठवा बरं. थकलेला होता? काही सांगायचं राहिलं होतं का तिचं? नाही ना येत डोळ्यांपुढं! चार हातांवर होती की हो! उद्या वर गेल्यावर त्यानं विचारलं, "बाबा रे, एवढी माणसं तुझ्यावर सोपवली होती, कशी होती सांग" — तर काय सांगणार? माझी तर छाती होत नाही विचार करायची.

नाम घेऊ, टाळही वाजवू. आधी डोळे उघडा आणि शेजारी जे कुणी बसलंय त्याच्याकडं एकदा नीट बघा. बघा, बघा — मी थांबतो.