तुफान

मंगला गौरीच्या देवळातल्या रांगेत बाळ खांद्यावर झोपलं होतं, म्हणून मी हलत नव्हते. माझ्यापुढे एक तरुण सून होती. तिची सासू घाटावरून धापा टाकत आली.

“सासूबाई, अखबारवाला ओरडतोय, अंदमानावर मोठं तुफान येतंय! आणि इकडची स्वारी जहाजात!”

“अगं, जहाज कालच कलकत्त्याला लागलं! माझ्या बिंदुमाधवाची तार आली, तेच सांगायला धावले.”

“खरंच? मग कुठल्या गाडीनं येणं होणार?”

“तुफानानं!”

“थट्टा काय करता!”

“गाडीचं नावच आहे ते, वेडे! उद्या उजाडता घरी.”

“पण समुद्र ओलांडलाय. आधी प्रायश्चित्त, असं तुम्हीच बजावलं होतंत.”

“आधी गरम वरणभात खाऊ दे माझ्या लेकराला. शास्त्र बसेल ओसरीवर वाट बघत.”