भाऊंची पेनल्टी

हॅलो? … कोण? … अरे, केसरीनाथदादा! बोला, बोला… नाही, घरीच आहे. वडप्याच्या गोडाऊनला आज सेकंड शिफ्ट…

हो, पाहिला ना बॅनर, धामणकर नाक्यावर. मेघालीनेच दाखवला रिक्षातून. म्हणाली, "पप्पा, तुम्ही!" मी म्हटलं, कुठे? मग दिसलो, भाऊंच्या कोपराखाली… नाही हो, राग कसला.

रविवारी ना? येतो की. आपल्या राहनाळची टुर्नामेंट… काय करायचंय मी? … गोलमध्ये उभं राहायचं. बरं… पहिली पेनल्टी भाऊ मारणार. उद्घाटनाची. बरं, पुढे? …

… नाही, नाही, रेंज आहे. ऐकू आलं. सोडायची.

मग मीच कशाला, दादा? बारक्याला उभा करा… हो, ऐकलंय. मागच्या वर्षी अडवली त्याने. सवयीने हात गेला असेल बिचाऱ्याचा… भाऊ न जेवता गेले? आणि मैदानाचे लाइट? … अजून नाही लागले? एका पेनल्टीपायी?

मग विशाल? … आधीच बाजूला होतो? लोक हसतात? … हो. खरं वाटायला पाहिजे. हो, हो… प्रोफेशनल माणूसच पाहिजे…

थांबा. दादा, एक मिनिट थांबा. म्हणजे तुम्हालाही वाटतं, मला ते जमतं.

… तुम्ही तसं म्हणाला नाहीत. कोणीच म्हणत नाही. क्लबही म्हणाला नव्हता. फायनलला पेनल्टी डावीकडे आली, मी उजवीकडे झेपावलो. अंदाज असतो हो तो, चुकतो कधी. चौकशी झाली, काही निघालं नाही. पण पुढच्या सीझनला कोणी बोलावलंही नाही. गोव्यात, कोलकात्यात एवढी वर्षं खेळलो, लोकांना ती एकच उडी आठवते… गावात म्हणतात ना अजून, "कल्पेशनी मॅच इकली"? … म्हणतात हो! लडकूच्या हळदीत माझ्यासमोर म्हणाले. तुम्ही शेजारच्याच पानावर होतात. खाली बघून जेवत होतात.

… भांडत नाही, दादा. तुमच्याशी कसा भांडेन? तुम्हीच मला पहिल्यांदा गोलमध्ये उभं केलंत, कापलेल्या शेतात, दोन चपला ठेवून. "बाप मारत आला तरी बॉल आत जाऊ द्यायचा न्हाय." तुमचंच वाक्य… आठवत नाही? बरं.

आणि शाळेचं काय झालं? … भाऊंच्या शाळेतली कोचची जागा हो. जूनपासून ठेवतो म्हणाले होते. गोडाऊनमध्ये खोके मोजून कंटाळलो, दादा… रविवारीच सांगणार? उद्घाटनानंतर? … म्हणजे गोल झाल्यावर. समजलं.

… काय गं? … केसरीनाथदादांचा… हो, शाळेचंच… अगं, थांब तरी! … काही नाही दादा, भाविका. देवापुढे साखर ठेवायला गेली.

… येतो मी… हो, झेपावतो. नुसता उभा नाही राहणार. कपडे मळलेले दिसतील, काळजी करू नका.

मेघालीला? नको. गाडी पाठवू नका… तिने मला गोलमध्ये कधीच बघितलेलं नाही… हो, म्हणूनच नको.

भाऊ कुठल्या बाजूला मारतात? … "बहुतेक" नको, दादा. नक्की विचारून घ्या… आत्ता? कोणाला विचारताय? …

भाऊ तिथेच बसलेत?

… कधीपासून? … स्पीकरवर होतो मी?

… नमस्कार, भाऊ… नाही, नाही, ते आपलं दादांशी गमतीत… हो… हो, भाऊ. तुम्ही बिनधास्त माझ्या डावीकडे मारा. मी उजवीकडे झेपावतो…

काय म्हणालात?

… हो, भाऊ. जमतं मला ते.

ठेवतो.